स्प्रिंग हिरामणकाकांनी कापली नव्हती

अन्याय झाला तो हिरामण गोमा घरत यांच्यावर. गुढीपाडव्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, सुकापुरात. त्या मिनिटाला तुमच्या गॅरेजच्या शटरला सील लागलं आणि मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून त्याचा फोटो काढला. फोटोवर वेळ आहे, म्हणून मिनिटासकट सांगता येतं.

काका, पत्रकाची सुरुवात अशीच करायची असते. आधी कोण, मग कधी. तुमच्याबद्दल याआधी मी दोन पत्रकं लिहिली. दोन्हींत अन्याय झालेला माणूस दुसरा होता आणि करणारे तुम्ही होतात. हे तिसरं. हे वाचायला तुम्ही नाही. गेल्या आठवड्यात तुमचं दहावं झालं.

तुम्ही गाड्या खाली बसवायचात. चाकाच्या वरची मोकळी फट कमी करून गाडी रस्त्याला बिलगलेली दिसेल असं करून द्यायचात. सुकापूर ते उलवे, इकडच्या पोरांना त्याचं वेड. मला तिटकारा. आपली ओळख भांडणातून झाली आणि भांडणातच संपली. मध्ये आईचा खुबा होता.

बाबांनी जुनी पण उंच गाडी घेतली होती. इकडचे रस्ते बघता उंच गाडी बरी, हा त्यांचा हिशेब. मग आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिला पाय उचलून आत चढता येईना. डिकीत एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलेलं असायचं. दवाखान्याच्या दारात बाबा ते काढून ठेवायचे, आई त्यावर चढायची, आणि येणारेजाणारे बघत राहायचे. तिला दुखण्यापेक्षा त्याची लाज वाटायची. बाबा गाडी तुमच्याकडे घेऊन आले. मी भांडायला आले.

"उंची कमी केलीत तर आई चढेल," मी म्हणाले, "पण मग प्रत्येक खड्डा तिच्या खुब्यात जाईल. एवढं तर कोणालाही कळतं."

तुम्ही गाडीखालून बाहेरसुद्धा आला नाहीत. नुसता आवाज आला. "तुला कलतंय ना? मग खाली ये आनि दाखव, खड्डा कुठनं जातो तो."

मी पुठ्ठ्यावर आडवी झाले. चांगल्या कुर्त्याची वाट लागली. तुम्ही बॅटरीचा उजेड एकेका भागावर धरलात.

"ही स्प्रिंग. हा शॉकअप. हा रबरी गुटका. आता मी ही स्प्रिंग कापून छोटी केली, तर गाडी या गुटक्यावर बसंल. चाकाला वर यायला जागाच नाय. मग खड्डा सरल मनक्यात."

"मग?"

"मग कापायची नाय. छोट्या मापाची स्प्रिंग घेवाची, जरा कडक. शॉकअप तिच्या जोडीचा, तो पन छोटा. गुटका थोडा तासायचा. आनि गाडी उतरवायची दोन बोटं. मानसाला बसायला दोन बोटं बास होतात."

"आणि चार बोटं हवी असतील तर?"

"तर दुसरीकडं जायचं."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं होतं, काका. कानांनी ऐकलं होतं. पुढे जे झालं त्यात मला हे आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. आठवलं होतं. सोयीचं नव्हतं.

चार दिवसांनी तुमचा फोन आला. सगळं जोडून झालं होतं, पण तुम्ही बोल्ट आवळले नव्हते. "वयनींना घेऊन या. पोरीला पन. जी मानसं गाडीत बसतात ती सगली." बाबांना वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. चाकांच्या दांड्यांना रबराचे बुश असतात. बाकीचे लोक गाडी जॅकवर उचललेली असतानाच ते आवळून टाकतात, कारण तसं सोपं पडतं. गाडी खाली आली की रबर पिळलेलं राहतं, गाडी आखडते आणि काही महिन्यांत बुश फाटतो. तुम्ही गाडी चारही चाकांवर उभी करायचात, माणसं आपापल्या जागी बसवायचात, आणि मग गाडीखालच्या पिटात, त्या खोदलेल्या चरात, उतरून शेवटचे बोल्ट आवळायचात. तुमच्याकडे ज्याची गाडी झाली त्याचं अख्खं घर एकदा तरी तुमच्या डोक्यावर बसलेलं आहे.

आई मागे डावीकडे बसली, मी तिच्या शेजारी. खालून आवाज आला, "वयनी, पोटभर जेवून आलाव ना? नायतर उद्या जेवलाव की माप बदलंल."

ऑपरेशननंतर आई पहिल्यांदा मोठ्याने हसली ती तुमच्या पिटावर उभ्या असलेल्या गाडीत.

मग तांदळाचं ताट. हे मी कुठल्याच गॅरेजात पाहिलं नाही, पुढे पाहीन असंही वाटत नाही. मथुराकाकींनी घरातून ताट आणलं, त्यात मूठभर तांदूळ पसरले आणि तुम्ही ते आईच्या मांडीवर ठेवलंत. "निवडत बसा. रस्त्याकडं बगू नका." उलव्याच्या बाजूला डंपरांनी ज्या रस्त्याची चाळण केली आहे त्याच रस्त्याने तुम्ही गाडी नेऊन आणलीत. परत आल्यावर पायपुसण्यावर पडलेले दाणे वेचलेत. चार. पुन्हा खाली शिरलात, शॉकअपचं काहीतरी अर्धा फेरा फिरवलंत, गाडी पुन्हा बाहेर काढलीत. या वेळी एक दाणा.

"हा गाडीनं नाय पडला," तुम्ही म्हणालात. "हा वयनींच्या हसन्यानं पडला."

ते स्टूल त्या दिवसापासून आमच्या बाल्कनीत तुळशीखाली आहे. आई स्वतःच्या पायाने गाडीत बसते, स्वतःच्या पायाने उतरते. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. बाबांनी मानले, आईने डबा पाठवला. मी वाद घातला.

त्या वादाचं काय करू आता? तो अर्धाच राहिला. मी विचारलं होतं, आईचं ठीक आहे, पण ही पोरं? यांना कसली गरज? तुम्ही हात पुसत म्हणालात, "आमचा बाप मिठागरात वाकून वाकून मेला. आता पोरांकडं गाडी हाय, तर ती मिरवनारच. मी नाय म्हनलो तर ऐकतील काय? जातील हायवेला, कटरवाल्याकडं. तो दोन वेटोली कापून देल अर्ध्या तासात."

"म्हणजे चुकीची गोष्ट तुम्ही नीट करून देता."

"आनि तू बरोबर गोष्ट वाकडी लिवून देतेस."

हे माझ्या गतिरोधकाच्या पत्रकाबद्दल होतं. 'आमच्या फाटकासमोर गतिरोधक झालाच पाहिजे.' तुम्ही ते चहाच्या ग्लासाखालून ओढून वाचलं होतंत. "उंची किती? रुंदी किती? रंग कोन मारनार? माप नाय आनि मागनी हाय." तेव्हापासून तुम्ही मला पत्रकवाली म्हणायला लागलात. मला राग यायचा. गतिरोधक झाला. शेजारच्या साइटवरचं उरलेलं काँक्रीट ओतून सोसायटीनेच केला, आडवं पोतं टाकावं तेवढा उंच, बिनरंगाचा. मी त्याच्यावर उभी राहून फोटो काढला. माझ्या फोटोंची ही अशी यादी आहे.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, प्रथमेशची पांढरी गाडी त्या गतिरोधकावरून उडाली आणि आमच्या वॉचमनच्या केबिनवर आदळली. प्रथमेश म्हणजे उलव्याच्या साइटवर रेतीखडी पुरवणाऱ्यांचा मुलगा. आत बसलेल्या वॉचमनचा, आमच्या शिवराममामांचा, पाय दोन ठिकाणी मोडला. गाडी खाली बसवलेली होती. आठवडाभर आधी ती तुमच्या दारात उभी असलेली अर्ध्या सुकापुराने पाहिली होती. झाला पुरावा.

पत्रक मी तासाभरात लिहिलं. 'सुकापुरात अपघातांचा कारखाना.' तुमचं नाव, तुमच्या बापाचं नाव, गॅरेजचा पत्ता, सगळं होतं त्यात. गतिरोधकाचा उल्लेख नव्हता. गॅरेज बंद करा असा अर्ज सोबत होता, आणि तो मी जिन्याजिन्याने फिरवला.

संध्याकाळच्या आत तुम्ही आमच्या रहिवासी मंडळाच्या खोलीशी आलात. चपला बाहेर काढल्यात. तुमच्या हातात पत्रक होतं, पण ते तुम्ही पुढे केलं नाहीत.

"पत्रकवाली, एक काम कर. पोलिसचौकीमागं त्या पोराची गाडी उभी हाय. खाली वाक आनि मागच्या स्प्रिंगचं टोक बग. पाच मिन्टं लागतील."

"काय बघू?"

"बगशील तर कलंल. मी सांगितलं तर बोलशील, स्वताचंच सांगतो."

"ते चौकशीत येईल."

"चौकशी कोन करतंय? तूच करतेस ना?"

मी म्हणाले, "काका, एका माणसाचा पाय मोडलाय, आणि तुम्ही मला स्प्रिंग दाखवताय." खोलीतल्या लोकांनी माना हलवल्या. चांगलं वाक्य होतं. तुम्ही पत्रकाची घडी घालून खिशात ठेवलीत आणि विचारलंत, "कुठल्या हॉस्पिटलात हाय तो?"

आणि तुम्ही गेलात शिवराममामांकडे. त्यांना घरी सोडल्यावर दर आठवड्याला तपासणीला न्यायचं होतं. रिक्षात पाय मावत नव्हता, मावला तर सोसवत नव्हता. तुम्ही तुमची स्वतःची गाडी घेऊन फाटकाशेजारच्या त्यांच्या खोलीशी जायचात, पुढची सीट पूर्ण मागे करून त्यांना बसवायचात. लोकांनी मला हे येऊन सांगितलं. मी काय केलं? दुसरं पत्रक काढलं. त्यात ओळ होती: 'दोष नसेल तर ही सेवा कशासाठी?'

ही ओळ मी इथे पुन्हा लिहिली, काका, कारण पत्रकं रद्दीत जातात आणि लिहिणारे सुटतात. सभेत या ओळीला टाळ्या पडल्या होत्या. मला त्या आवडल्या होत्या.

मग तो सोमवार. ज्या कार्यालयात मी अर्ज दिला होता तिथून तीन माणसं आली. तुमच्या गाडीची चाकं काढलेली होती, ती आत ठोकळ्यांवर उभी होती. तुम्ही चाकं लावून ती बाहेर काढायला अर्धा तास मागितलात. त्यांनी दिला नाही. मी बोलले असते तर दिला असता, तक्रारदार मीच होते. मी फोनचा कोन ठरवत होते.

तुम्ही करंजाला मावसभावाकडे गेलात, धक्क्यावर बोटींची इंजिनं बघायला. त्यानंतर एकदाच भेटलो, पनवेलच्या भाजीबाजाराबाहेर. तुमच्या हाताला डिझेलचा वास होता. "वयनी कशा हायत?" मी म्हणाले, "बऱ्या आहेत." "गाडी मऊ चालते ना?" मी घाईत असल्यासारखी निघाले. आई तेव्हा वीस पावलांवर त्याच गाडीत बसली होती. तिला तुम्ही दिसला नाहीत. मी सांगितलंही नाही. दहाव्याच्या दिवशी सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि बरोबर करते.

शेवटचा प्रवास मला मथुराकाकींनी सांगितला. सकाळी धक्क्यावर तुमच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका येईना. मासळी उतरवून रिकामा झालेला टेम्पो होता, त्याच्या हौद्यात गोणपाटावर तुम्हाला झोपवलं. बर्फ आणि मासळीच्या भाराने बसतील अशा त्याच्या स्प्रिंगच्या पाट्या. रिकाम्या टेम्पोला त्या वाकतच नाहीत, प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर येतो. काकी तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"दर खड्ड्याला डोलं मिटायचे," काकी म्हणाल्या. "मी डायवरला बोल्ली, हलू चालव. तर हेच बोलले, त्याची चूक नाय, गाडी रिकामी हाय म्हनून उडतेय."

त्या धक्क्यांनी तुम्ही गेलात असं मी लिहिणार नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही. पुराव्याशिवाय लिहायची माझी सवय तुमच्यावर संपली. एवढंच लिहिते: ज्या गाडीत शिवराममामांचा मोडका पाय दुखला नाही, ती गाडी तेव्हा सुकापुरात सीलबंद शटरच्या आत ठोकळ्यांवर उभी होती. ते सील माझ्या अर्जाने लागलं होतं.

दहाव्याला शिवराममामा काठी टेकत आले. मी कोपऱ्यात उभी होते, मला कोणी बसा म्हटलं नव्हतं. मामा सगळ्यांसमोर माझ्याकडे वळले. "ताई, पहिल्या वेळेला काका मला काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, मामा, ही गाडी माझ्या नि बायकोच्या वजनावर आवळलेली आहे. तुमच्यासाठी परत आवळतो. मला बसवलं आणि माझ्या वजनावर आवळली. तुम्ही लिहिलंत, सेवा कशासाठी. विचारायचं होतंत मला. मी इथेच तर होतो, फाटकाशी."

खरंच, काका. फाटकाशीच होते. मी दिवसातून चार वेळा त्यांच्यासमोरून जात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकीमागच्या मैदानात गेले. प्रथमेशची गाडी अजून तिथेच आहे, काचेवर धुळीचा थर, चाकाशी गवत. हवालदारांना विचारलं, ते म्हणाले बघा की, कोण अडवतंय. वर्तमानपत्र अंथरून मी आडवी झाले आणि फोनचा उजेड मागच्या डाव्या चाकामागे धरला.

कारखान्यातून आलेल्या स्प्रिंगचं टोक गुळगुळीत असतं, हे तुम्ही मला त्या पहिल्या दिवशी दाखवलं होतंत. हे टोक खडबडीत होतं. कटरचे ओरखडे, कडेला जळून निळसर झालेलं लोखंड. दोन वेटोळी गायब. आणि शॉकअप? जुनाच, पूर्ण लांबीचा. तुमच्या हातची असती तर तो जोडीने बदललेला असता. गाडी उडाली, चाक खाली लोंबलं, आखूड स्प्रिंग मोकळी झाली आणि आपल्या बैठकीतून निसटली. गाडी एका बाजूला कलली आणि केबिनकडे गेली. मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. तुम्हीच शिकवलं होतंत.

पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मग प्रथमेशला गाठलं. त्याने लपवलं नाही. "काका दोन बोटंच देत होते. मला चार पाहिजे होती, रील टाकायची होती. हायवेवर कापून घेतली."

"मग इतके महिने बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुमच्या पत्रकात आधीच नाव छापलेलं होतं. पप्पा म्हणाले, बरंय, गप्प बस."

मी त्याच्यावर ओरडले. मग लक्षात आलं की त्याच्या वाक्यात खोटं काही नाही.

काका, तुम्ही म्हणाला होतात तसंच झालंय. तुमचं शटर बंद झाल्यापासून सुकापुरातली एकही गाडी वर आली नाही. सगळी पोरं कटरवाल्याकडे जातात. आमच्या गतिरोधकावरून दिवसभर खालचा पत्रा घासल्याचा आवाज येतो. मी अपघातांचा कारखाना बंद करायला निघाले होते, आणि या भागात गाडी नीट बसवणारं जे एकच दार होतं ते बंद केलं. तुमचं सगळंच मला पटलं असं नाही. सार्वजनिक रस्त्यावर मिरवायला गाडी खाली आणणं मला अजूनही मूर्खपणा वाटतो. हा वाद मला तुमच्याशी घालायचा होता, तुम्ही पिटात आणि मी वरच्या सीटवर. तो तसाच राहिला. तुम्ही असता तर म्हणाला असतात, माप सांग.

माप सांगते. पण त्यासाठी आता तुमच्याकडून मान वळवून मला दुसऱ्यांशी बोलायचं आहे.

सुकापुरातल्या आमच्या सोसायटीच्या रहिवाशांनो, हे तुमच्यासाठी. मी मंडळाकडे गेले होते. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "माणूस गेला, आता कशाला उकरता? शोकसभा घेऊ ना." मी कार्यालयात गेले. ते म्हणाले, सील काढायचं तर अर्जावर ज्यांनी सह्या केल्या त्यांनीच लेखी माघार घेतली पाहिजे. माझी माघार देऊन झाली. एका सहीने शटर उघडत नाही. मथुराकाकींना आतली गाडी हवी आहे, नवऱ्याची हत्यारं हवी आहेत, आणि दारावर लागलेला 'अपघाताला कारणीभूत' हा कागद तिथून गेलेला हवा आहे. शोकसभा त्यांनी मागितलेली नाही.

तुम्ही सही कुठे केलीत ते मला माहीत आहे, कारण कागद मीच धरला होता. कोणी दारात उभ्याने केली, कोणी भाजी चिरता चिरता. कोणी न वाचता केली, आणि मी वाचा म्हटलं नाही. माझी चूक मी वर लिहिली आहे. तुमची तुम्ही ठरवा.

आधी चौकीमागे जा. मागचं डावं चाक. खाली वाका आणि टोक बघा. पाच मिनिटं काढा, मी काढली नव्हती. मग येत्या रविवारी सकाळी दहा वाजता हिरामण घरत यांच्या शटरसमोर या. माघारीचा कागद तिथे टेबलावर असेल, वाचायला पूर्ण वेळ मिळेल. अर्जावर जसं पूर्ण नाव लिहिलं होतंत, तसंच पूर्ण नाव लिहा, आणि तुमची सही मागे घ्या.